पानाच्या मागच्या बाजूला

पांढरी माशी येते कधी, ते कुणालाच कळत नाही. वरून झाड छान हिरवंगार दिसतं, आपण खूश असतो. मग एक दिवस सहज पान उलटावं, तर खालची बाजू पिठासारखी भरलेली! आमच्या गटाचे किस्सेही असेच साठले. जमवायला कुणी गेलं नव्हतं. रविवारी सकाळी कुणाच्या तरी गच्चीवर चहाला जमायचं, एकानं पान उलटायचं आणि खालून काहीतरी निघायचं.

आम्ही म्हणजे चौघं. मी सायली. शेतीची पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हा बरोबरीची पोरं एकेक करून औषध कंपन्यांत चिकटली. मी चिडले आणि सांगलीत बादल्या-ड्रममधल्या बिनविषारी भाजीचा गट काढला. 'लोकांना विष खायची सवय लागलीय, ती आपण मोडायची' असं माझं पहिलं भाषण होतं. ऐकायला तिघं आले. तेच टिकले.

विश्रामबागचे जोशी सर, मूळचे वाईचे, आयुष्यभर फिजिक्स शिकवलेले. मिरजेचे तात्या, माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातले, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. आणि माधवनगरच्या शोभाकाकू.

काकूंची गोष्ट आधी सांगायला हवी. त्यांचं माहेर औंधजवळ. तिथलं एक वांगं होतं, काटेरी, पांढऱ्या रेघांचं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत त्याच वांग्याचं. आता माहेरीसुद्धा सगळे नर्सरीची रोपं आणतात, ते बी कुणाकडेच राहिलं नाही. काकूंच्या एका चिंधीत गाठ मारून ठेवलेलं चिमूटभर बी तेवढं होतं. ते पेरलं आणि एकच रोप जगलं. रंगाच्या जुन्या बादलीत, गच्चीच्या कोपऱ्यात. ते गेलं की वांगं संपलं.

आणि त्या झाडावर औषध मारायचं नाही, ही काकूंची अट. त्यांचे मालक द्राक्षबागांत फवारणीला जायचे. छाती भरली आणि गेले. तेव्हापासून त्या घरात औषधाची बाटली आलेली नाही.

"पोरी, तू म्हनतीस ना औषधाबिगार येतं? मग हे येवढं येऊ दे," काकू मला म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, गॅरंटी!" तेव्हा मी गॅरंट्या फार देत असे.

* * *

सुरुवात जोशी सरांच्या मिरचीपासून झाली. शेंड्यांवर मावा, झाडाचा रस पिणारी बारीक कीड. मी सांगितलं, काही मारू नका, थोडे दिवस थांबा, मावा खाणारे मित्रकीटक येतील. सरांना 'येतील' हा शब्द आवडला नाही. "केव्हा येतील, किती येतील, काही गणित?"

दोन-तीन रविवार गेले आणि सरांचा सकाळी सकाळी फोन. "सायली, माव्याची नुसती टरफलं उरलीयेत. तपकिरी, टम्म फुगलेली. प्रत्येकाच्या पाठीला गोल भोक. आत कोणी नाही."

मी उड्या मारत गेले. डासापेक्षा लहान अशी एक गांधीलमाशी असते, ती माव्याच्या पोटात अंडं घालते. आतली अळी त्याला आतून खात मोठी होते आणि पाठीला गोल झाकण पाडून बाहेर पडते. मी हे सगळं उत्साहानं सांगत होते. सर भिंगातून एकाच माव्याकडे बघत होते. तो अजून टरफल झाला नव्हता. निवांत चालत होता, थांबून रस पीत होता. फक्त पोटात काहीतरी वळवळत होतं.

"याला माहीत आहे का?" सरांनी विचारलं.

"काय?"

सरांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला. "दिवे लागलेत, चूल पेटलीय, सगळं चालू आहे. पण घरात राहणारा दुसराच आहे!"

त्या दिवशी सरांनी चहा घेतला नाही.

* * *

तात्यांच्या भेंडीवर मुंग्या. मी म्हटलं, मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच माव्याला सांभाळतात. मावा गोड रस सोडतो, तो मुंग्या पितात, म्हणून त्याला राखतात, कोवळ्या पानावर नेऊन सोडतात.

तात्या भेंडीसमोर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "मॅडम, ही तर मेंढरं चारत्यात!"

"तेच सांगतेय तात्या."

"आवं, बघा की. ती म्होरली कळप हाकतीया, ही मागली राखणीला हाय. आमच्या धंद्यातली मानसं ही. ह्यास्नी मारू व्हय?"

शेवटी तडजोड झाली. मारायचं नाही, रस्ता तोडायचा. बादल्या पाण्याच्या परातीत ठेवायच्या, म्हणजे मुंग्यांना चढता येणार नाही.

पुढच्या रविवारी तात्यांनी आम्हाला परातीपाशी नेलं आणि ते बाजूला झाले. पाण्यावर एक काळी पट्टी होती, परातीच्या कडेपासून बादलीपर्यंत. जवळ जाऊन बघितलं. मेलेल्या मुंग्या. एकीवर एक, एकीला एक धरून. आणि त्यांच्या अंगावरून बाकीच्या मुंग्या रांगेनं पलीकडे चालल्या होत्या. खाली बघतही नव्हत्या!

"बुडलेल्या वाहत आल्या असतील," सर म्हणाले.

"सर, सीधी लाइन हाय," तात्या म्हणाले. "वाहून आलेलं मुडदं सीधी लाइन धरत न्हाईत. त्यास्नी कुनीतरी हुकूम दिल्याबिगार."

मी साबणाचं पाणी आणून परातीत ओतणार होते. तात्यांनी माझा हात धरला. "जाऊ द्या, मॅडम. येवढी किंमत दिलीया, तर खाऊ द्या भेंडी."

* * *

आता माझ्याच फजितीचा किस्सा. काकूंची एक शिस्त होती. वेलाच्या कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवायचं नाही. दाखवायचंच असलं तर बोट वाकडं करून दाखवायचं. नाहीतर फळ सडतं.

असलं काही ऐकलं की माझं डोकंच फिरतं! सरांच्या गच्चीवर ड्रममध्ये दोडक्याचा वेल होता. कोवळी फळं लोंबत होती. मी सगळ्यांसमोर उभी राहिले, हात ताठ केला आणि एकेका दोडक्याकडे बोट दाखवत म्हटलं, "हा, हा आणि हा. बघूच काय होतं ते!"

काकूंनी डोळे मिटून घेतले.

तीनही दोडके वाकडे झाले, पिवळे पडले, टोकाकडून सडले. मी चिरून दाखवले. आत फळमाशीच्या अळ्या. "बघा, माशीनं कोवळ्या सालीत अंडी घातली. बोटाचा काय संबंध? फळांना वेळेवर कापडी पिशव्या घातल्या असत्या तर वाचले असते."

"बरोबर," सर म्हणाले. "वेलावर आणखी पुष्कळ फळं होती. पिशवी कुणालाच नव्हती. ती सगळी धडधाकट आहेत."

मी सुरी खाली ठेवली.

"योगायोग असणार. पण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. सायली, प्रयोग पुन्हा कर. ही नवी फळं घे. काहींना बोट दाखव, काहींना नको."

सरांचा चेहरा अगदी गंभीर होता. खरंच प्रयोग करायला सांगत होते. मी वेलासमोर गेले, हात उचलला. वारा नव्हता, पण तेवढ्यात एक कोवळा दोडका हलला.

मी बोट खिशात घातलं. अजूनही त्या गच्चीवर गेले की हात खिशातच असतात.

* * *

तात्यांच्या टोमॅटोवर पक्षी यायला लागले. तात्यांनी फौजेतली जुनी वर्दी काढली, काठ्यांना चढवली, गाडग्याला बेरे टोपी घातली. गच्चीच्या कोपऱ्यात बुजगावणं तयार. एकदम कडक!

पक्षी थांबले. पण सगळेच थांबले. अळ्या वेचणाऱ्या चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, एकही फिरकेना. अळ्यांना रान मोकळं. मी डाफरले, "तात्या, तुम्ही शत्रूबरोबर आपली पलटणही पळवून लावलीत! काढा ते."

तात्यांनी काढलं. वर्दी धुऊन, इस्त्री करून पेटीत गेली. पक्षी तरीही येईनात. यायचे, पण शेजारच्या टाकीवर बसायचे. ओळीनं. सगळ्यांची तोंडं तात्यांच्या गच्चीच्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे. दाणे टाकले, पाणी ठेवलं. बसून राहायचे, बघत राहायचे. काहीतरी उभं असल्यासारखे!

आम्ही सगळे ते बघायला गेलो होतो. तात्या चहाचा कप ठेवून उठले. "आवं, मानूस उतरवला, पन त्याची ड्यूटी संपली म्हून सांगितलंच न्हाई कुनी!"

ते कोपऱ्यासमोर जाऊन ताठ उभे राहिले आणि सगळी सोसायटी दणाणेल अशा आवाजात सुट्टीचा हुकूम ओरडले, "साऽवधान! लाइन तोड!"

शेजारच्या खिडक्या उघडल्या. मी हसून हसून लोळत होते. हसणं थांबलं ते पंखांच्या आवाजानं. टाकीवरून पहिली साळुंकी उडाली आणि सरळ त्या कोपऱ्यात येऊन उतरली.

* * *

काकूंच्या गच्चीवर टोमॅटोला अळी लागली. एका सकाळी गेले तर झाडांच्या अगदी शेंड्यांवर अळ्या उलट्या लटकलेल्या. पाय वर, डोकं खाली. काळ्या पडलेल्या, हात लावला की फुटत होत्या. मला तर लॉटरीच लागली! अळ्यांना होणारा विषाणू आहे हा. माणसाला काही करत नाही, झाडाला काही करत नाही. मेलेल्या अळ्या वाटायच्या, पाण्यात कालवून गाळायच्या, उन्हं उतरल्यावर फवारायच्या. फुकटचं औषध, विषाचा थेंब नाही!

काकूंनी मिक्सरचं जुनं भांडं दिलं. मी वाटत होते, तेवढ्यात काकूंचा मुलगा विनायक जिन्यात डोकावला. "आई, लस्सी करतीस व्हय? मला पन ठेव!"

तो आजतागायत त्या घरात लस्सी पीत नाही.

फवारल्यावर थोड्या दिवसांनी काकू आणि मी बघायला गेलो. राहिलेल्या अळ्या चढत होत्या. खाणं सोडून, सगळ्या एकाच दिशेनं, हळूहळू वर.

"सगळ्या वरच का गं चालल्या?"

मी समजावलं. रोग झालेली अळी उंचावर जाते आणि तिथं मरते. म्हणजे ती फुटली की विषाणू खालच्या पानांवर सांडतो. तिला चढवतो तो विषाणूच.

काकूंनी वाकून एका अळीकडे बघितलं. "म्हंजी त्यास्नी वाटत असंल, आपन आपल्या पायानं चाललोय. ऊन खायाला."

मग पदर सावरला आणि जिना उतरताना मध्येच थांबून म्हणाल्या, "आपन तरी वर कशाला आलो हुतो गं आत्ता?"

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

काकूंच्या वांग्याला पहिलं फळ धरलं. ते बियाण्याला सोडायचं ठरलं. काकूंनी देठाला लाल चिंधी बांधली. फळ झाडावरच पिकून पिवळं व्हायला हवं, तरच बी तयार होतं. आणि नेमकी तेव्हाच शेंडा पोखरणारी अळी आली. ही अळी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. तिथून निघाली की ती फळात. फळात गेली की बी गेलं!

उपाय एकच. रोज सकाळी मान टाकलेला शेंडा अळीसकट खुडायचा. काकूंची पद्धत ठरलेली. कात्री नाही. अंगठ्याच्या नखानं तिरका खुडायचा, मग बंबातल्या राखेत बोट बुडवून जखमेवर टेकवायचं. "झाडाला बी झोंबत असंल की," म्हणायच्या. राखेची वाटी कठड्यावरच असायची.

ऐन मार्गशीर्ष लागताना काकूंच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेला दवाखान्यात नेलं, तिथून सरळ अतिदक्षता विभागात. शुद्ध नव्हती. विनायक तिथंच मुक्कामाला. घराला कुलूप. किल्ली त्यानं माझ्या हातात दिली.

"झाडाचं तू बघ. आनि हे बघ, मोरीत औषधाची बाटली आनून ठेवलीय. अळी हटली न्हाई तर फवार."

"विनायक! त्या घरात बाटली?"

"मग काय करू?" तो ओरडलाच. "आई परत आली आनि झाड मेलेलं असलं, तर काय सांगू तिला? तुझं भाषण ऐकवू?"

मी किल्ली घेऊन निघाले.

पहिल्या सकाळी गेले. बऱ्याच शेंड्यांनी मान टाकलेली. मी कात्रीनं कापले. मोरीतली बाटली येता-जाता दिसत होती. खरं सांगते, मी ती उचलून बघितली. मग परत ठेवली.

दुसऱ्या सकाळी कुलूप काढून गच्चीवर गेले. मान टाकलेला एकही शेंडा नव्हता. खुडलेले होते. नखानं, तिरके. प्रत्येक जखमेवर राखेचा ठिपका.

विनायकला फोन लावला. "मी आईच्या उशाशी बसलोय, बाई. माधवनगरला कवा येनार?" दुसरी किल्ली नव्हती. तात्या म्हणाले, "आमी न्हाई, मॅडम. इथनं तितवर, त्ये बी कुलूपबंद घरात?"

सर म्हणाले, "गच्चीच्या दारापासून बादलीपर्यंत पीठ चाळून ठेव. मांजर असो, माणूस असो, ठसा उमटेल."

मी चाळलं. सकाळी पीठ जसंच्या तसं होतं. एक रेघसुद्धा नाही. शेंडे खुडलेले. राख लावलेली, ओलसर.

सर माझ्याबरोबर आले होते. वाकून बघितलं, सरळ झाले, म्हणाले, "सायली, पीठ झाडून टाक." जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता.

त्याच दिवशी मी मिरजेला गेले. विनायक बाकावर बसून होता. "तशीच हाय. डोळं उघडंना. फक्त काल पहाटंपासनं हात चालतोय तिचा. चादरीचं कायतरी खुडती. सिस्टर म्हनल्या, अशा पेशंटांचं होतं तसं."

मला काचेतून बघू दिलं. काकू निश्चल पडल्या होत्या. उजवा हात तेवढा हलत होता. अंगठा आणि पहिलं बोट जवळ यायचं, नख तिरकं व्हायचं, एक झटका. मग हात जरा बाजूला सरकायचा, बोट कशात तरी बुडाल्यासारखं व्हायचं आणि परत येऊन हलकेच टेकायचं.

"फवारलंस का?" विनायकनं विचारलं.

"नाही."

"झाड?"

"बरं आहे."

घरी जाताना काकूंच्या मोरीतली बाटली उचलली आणि दुकानदाराला परत नेऊन दिली.

त्यानंतर रोज सकाळी नुसती जाऊन पाणी घालून यायचे. लाल चिंधीचं वांगं पिवळं पडत चाललं होतं. सालीवर एक भोक नाही.

एका सकाळी गेले तर शेंडे नेहमीसारखेच खुडलेले. पण झाडाच्या मागं, बादली आणि कोपऱ्यातली भिंत यांच्या मधल्या अरुंद फटीत, एका शेंड्यानं मान टाकली होती. तो तसाच होता. आडवं होऊन, हात आत घालून मी तो कसाबसा नखानं खुडला. राख लावली. आणि कुणाशी न बोलता तडक मिरजेची बस पकडली.

विनायक दारातच भेटला, हसत होता आणि रडत होता. "शुद्धीवर आली! जा, जा आत."

काकूंचे डोळे उघडे होते. आवाज अगदी बारीक. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"भिंतीकडचा एक राहिला गं, सायले. तितं हातच पोचंना."